मधलं बटण

बटण पांढरं होतं, चार भोकांचं, एका कडेला जरासं पिवळं पडलेलं, आणि त्याच्या दोन भोकांत गुलाबी दोऱ्याचं टोक अजून अडकलेलं होतं – उज्ज्वलानं मूठ उघडली तेव्हा ते तळहाताच्या मधोमध बसलेलं होतं, आणि इतका वेळ दाबून धरल्यामुळे त्याचा गोल ठसा कातडीत उमटला होता. बारडोलीच्या अलीकडे त्यांची राजदूत मोटारसायकल थांबली होती. पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग, साखर कारखान्याचा तो गोड, आंबूस वास, आणि योगराज एक पाय जमिनीला टेकवून गळ्याभोवतीचा मफलर पुन्हा घट्ट करत होता. घरून निघाल्यापासून पाऊण तास... पाऊण तास ती हे मुठीत धरून बसली होती? एका हातात सीटमागची दांडी आणि दुसऱ्यात हे. मग नवऱ्याला तिनं धरलंच नव्हतं तर.

ताराच्या फ्रॉकचं. पाठीवरच्या तीन बटणांतलं मधलं.

सकाळी सात वाजता पांडेसऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दारात तारा तिच्या गळ्याला विळखा घालून होती, आणि प्रमिलाबाई, तिच्या सासूबाई, नातीला मागून सोडवून घेत होत्या – ‘दे वं बेटा, दे इकडे. तू मांगे देखू नको. पोर मनीबी शे.’ – आणि उज्ज्वलाची बोटं पोरीच्या पाठीवर फ्रॉकच्या पट्टीत अडकलेली. म्हणजे सासूबाईंनी नाही, तिनंच ते तोडलं होतं. बरं, एक बटण तुटलं तर तुटलं. पण ही तिन्ही बटणं तिनंच परवा दुपारी लावली होती, तारा झोपेतून उठायच्या आत उरकावं म्हणून दोरा न तोडता – वरचं झालं की आतल्या बाजूनं तोच दोरा खाली ओढून मधलं, तोच पुढे ओढून खालचं. एकाच दोऱ्यात तिन्ही. आता मधलंच निघून आलं म्हणजे वरचं सैल आणि खालचंही सैल. ओढलं की हातात, आणि दोन वर्षांच्या पोरीच्या हातात आलेली वस्तू कुठे जाते ते काय सांगायला हवं? वाटाण्याएवढं बटण. घशाशी आडवं बसलं तर खोकलासुद्धा येत नाही म्हणतात, नुसतं तोंड निळं पडतं, आणि सासूबाईंची पाठ तेव्हा चुलीकडे असणार, कारण आज संक्रांत, तिळाचा पाक एक तार वर गेला की बिघडतो...

‘मला फोन करायचाय,’ ती म्हणाली.

‘कोणाला?’

‘घरी.’

योगराजनं वळून पाहिलं. ‘आत्ता तर निघालो’ असं तो म्हणाला नाही. ‘बारडोलीत करू,’ म्हणाला, ‘पाच मिनिटं,’ आणि तेही इतकं जपून की तिला नवीनच धास्ती वाटली. आजारी माणसाशी असं बोलतात. म्हणजे हे लोक आपल्याबद्दल आपसात बोलले असणार. हा आणि सासूबाई. बोलूनच ही सहल ठरलेली. उतराणीला, इथल्या संक्रांतीला, गिरणीला दोन दिवस सुट्टी, सगळी सुरत पतंग घेऊन गच्चीवर. आपण दोघंच सापुताऱ्याकडे जाऊ, तंबू ठोकून एक रात्र राहू, तुझा तो ज्वालामुखीचा मुलूख मला दाखव. लग्न ठरलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, बी.एस्सी.ला काय शिकलीस, आणि धुळ्याच्या कॉलेजातल्या त्या अवघडलेल्या मुलीनं सांगितलं होतं – दगड. खानदेशापासून डांगापर्यंतचे सगळे डोंगर म्हणजे जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा. एका थरावर दुसरा, एक निवला की त्यावर पुढचा. तो हसला होता. ‘मग एकदा दाखव.’ पाच वर्षं झाली त्याला.

बारडोलीच्या एस.टी.डी.च्या दुकानाला कुलूप होतं. मालक वर गच्चीवर, फिरकी बगलेत धरून. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘आजे बंध, बेन. उतराण छे ने.’ मग त्याचं लक्ष पुन्हा आभाळात गेलं, आणि कुणीतरी ‘ए लपेट, लपेट’ ओरडलं.

‘व्याऱ्याला मिळेल,’ योगराज म्हणाला.

पुढे रस्त्याच्या डाव्या अंगाला रूळ लागले. ती बघणार नव्हती तिकडे. योगराज गाडी सावकाश चालवत होता, दर गावाशी मान खाली घालून, कारण आज तारांवरून, झाडांवरून, रस्त्यावर आडवा मांजा उतरलेला असतो, काच लावलेला, दिसत नाही, आणि मोटारसायकलवाल्याच्या गळ्याला... म्हणून मफलर. त्यानं तिलाही गळ्याभोवती पदर दोनदा गुंडाळायला लावला होता. दोघांनाही काही झालं तर तारा कुणाकडे राहील याचा विचार तिनं निघताना पुरता करून ठेवला होता. धुळ्याची वहिनी नको. सासूबाईच बऱ्या. मग रुळांवरून भुसावळच्या बाजूला जाणारी एक पॅसेंजर आली, अर्धी रिकामी, दारात पाय सोडून बसलेली माणसं, खिडक्यांना आडव्या सळ्या – आणि मान वळवेपर्यंत उशीर झाला होता.

त्या दिवशीच्या डब्याच्या एका खिडकीला सळ्या पुरत्या नव्हत्या. दोन सळ्या तुटलेल्या होत्या, म्हणून तर.

सोळा महिन्यांपूर्वी, प्लेगाच्या त्या आठवड्यात. सगळ्या सुरतेनं तोंडाला रुमाल बांधला होता, आणि उधना स्टेशनच्या फलाटावर अख्खा खानदेश गाठोडी घेऊन उभा होता. गाडी आली ती भरूनच. आपल्याकडे जागा धरायची ती खिडकीतूनच. कुणी रुमाल टाकतं, कुणी पिशवी, आणि पोर लहान असेल तर पोरच आत देतात, कारण रुमाल कुणीही उचलून फेकतं, पोराला कोण फेकेल? आत बसलेल्या बाया निमूट मांडीवर घेतात, आईबाप दारातून रेटून येईपर्यंत सांभाळतात. तिची आई असंच करत आली, सासूबाईही. योगराजनं आठ महिन्यांची तारा त्या तुटक्या खिडकीतून आत दिली. आत हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी होती. तिनं हात पुढे केले होते, ‘आण बाबा’ म्हणाली होती... मग दाराशी रेटारेटी, आणि गाडी हलली. योगराज दाराला लोंबकळला. उज्ज्वलाचा हात कुणाच्या तरी पिशवीच्या बंदाला लागला, तो सुटला, आणि डबे पुढे गेले, एक, दुसरा, मागची खिडकी, लाल दिवा.

बाकी सगळं ठीकच झालं. सगळे हेच म्हणतात, ठीकच झालं ना शेवटी. योगराजला बारडोलीला उतरून डबे धुंडाळता आले. पोर त्या म्हातारीच्या – भागीरथी नाव होतं, नवापूरची – मांडीवर झोपलेली होती. त्यानं स्टेशनवरून निरोप पाठवला, उज्ज्वला संध्याकाळच्या गाडीनं गेली, नंदुरबारच्या फलाटावर तारा तिच्या हातात आली. तोवर छाती दगडासारखी झाली होती, ब्लाऊज ओलं. आणि मधल्या वेळात तू काय केलंस गं, असं जिनं जिनं विचारलं तिला तिनं सांगितलं – रडले. दुसरं काय करणार?

तेव्हापासून तिनं पोर कुणाच्या हातात दिली नव्हती. शेजारच्या उषाबाईंनी घेतली तर ती तिथेच उभी राहायची. निजताना जुन्या ओढणीची पट्टी स्वतःच्या आणि ताराच्या मनगटाला बांधायची. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, ‘गाय बांधतस तशी बांधस का वं पोरले?’ आणि हसल्या होत्या, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. लोक म्हणायचे, किती जपते. पोरीत जीव आहे हिचा. ती ऐकून घ्यायची.

व्याऱ्याला बूथ उघडा होता, पण लाइन लागली नाही. चारदा फिरवला. दुकानदार म्हणाला, ‘सुरतनी लाइन आजे नहीं मळे.’ उनाई येईपर्यंत तिनं मनातल्या मनात सगळं पाहिलं. उघडं तोंड. सासूबाईंची ओली बोटं. गच्चीवरून धावत खाली येणारी माणसं. रिक्षा मिळत नाही, कारण उतराण. तिनं इतकं नीट पाहिलं की शेवटी आपण काय नेसून परत जाऊ तेही तिला दिसलं, आणि तिथे ती थबकली. हे कोण दाखवतं आपल्याला? भिणारा माणूस इतकं निवांत, इतकं तपशीलवार बघतो का?

उनाईच्या देवळाबाहेर नारळाच्या दुकानात फोन होता. घराखालच्या उषाबाईंच्या किराणा दुकानाचा नंबर तिनं फिरवला. कुणीतरी ‘थांबा, बोलावते’ म्हटलं आणि रिसीव्हर तसाच ठेवला. पलीकडून पिपाण्यांचा, पोरांचा आवाज येत होता. बटण तिनं गल्ल्याशेजारच्या फळीवर ठेवलं, घाम फार आला होता हाताला. मग चपलांचा आवाज.

‘काय वं, पोहचनात का?’

‘आई, ताराचा फ्रॉक... गुलाबी. त्याची बटणं–’

‘तो ते मी कव्हयच काढी टाका. दोन्ही बटणं काढीसन डब्बीमा ठी दिनात.’

‘रडली?’

‘तुम्ही गयात तवय रडनी. आते बोरं खाई राहिनी.’

‘बोरं? आई, बिया–’

‘बिया काढीसन दी राहिनी वं माय.’ मग थोडं थांबून, हलक्या आवाजात, ‘तुना नवराले मीच वाढायं ना? जिता शे ना तो? जाय. पानी देख, डोंगर देख. फोन करू नको.’

रिसीव्हर ठेवल्यावर सुटका वाटायला हवी होती. ती वाट पाहत उभी राहिली. भीती गेली ती मात्र एकदम गेली, खांद्यावरची कळशी कुणी न विचारता उतरवून घ्यावी तशी, आणि खांदा वर उचलला गेला... हे वर उचललं जाणं तिच्या ओळखीचं होतं. तिनं पटकन योगराजचा दंड धरला.

‘काय म्हणाली आई?’

‘बिया काढून देतायत.’

तो हसला. ‘मला कधी काढून दिल्या नाहीत.’

देवळाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडाच्या पायऱ्यांवर गर्दी होती. पाणी तापलेलं, घोट्यापर्यंत पाय बुडवला की आधी चटका, मग सवय. योगराज पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसला आणि म्हणाला, ‘उठणार का आज तुझा ज्वालामुखी? नाहीतर तंबू दूर लावू.’ तिनं सांगितलं की तसं काही नाही. तो कधीच संपला, साडेसहा कोटी वर्षं झाली. हे पाणी भेगेतून फार खोल जातं आणि तिथली ऊब घेऊन वर येतं, एवढंच. सांगताना तिला आपला आवाज ऐकू आला – वर्गात उत्तर देणारा, धुळ्याचा, सोळा महिन्यांत तिनं न ऐकलेला. एवढंच, असं ती म्हणाली खरं. पण वरच्या पायरीवर बाया धुणं वाळवतात, पोरं पाणी उडवतात, आणि खाली आत कुठेतरी ती ऊब आपली तशीच आहे, कुणाला विचारत नाही...

वांसद्यानंतर डोंगर सुरू झाले. काळे, आडव्या थरांचे, पायऱ्यापायऱ्यांचे. ती मागून बोट दाखवत होती, हा एक थर, तो लाल पट्टा म्हणजे मधल्या काळात तयार झालेली माती, त्यावर पुन्हा लाव्हा, आणि तो ‘हं, हं’ करत होता, मध्येच एखादं वळण चुकत होता. वघईजवळ गिरा धबधब्याला पाणी बेताचंच होतं, पण दगड सगळा उघडा पडलेला. तिथे तिनं खाली बसून एक खडा उचलला, भोकाभोकांचा. ‘हे वाफेचे बुडबुडे,’ ती म्हणाली. ‘दगड वितळलेला होता तेव्हा अडकले. बाहेर पडायला वेळ मिळाला नाही.’ तो खडा तिनं त्याच्या खिशात टाकला. जवळच कुणी तिघंजण सागाच्या झाडाखाली बसून भाकरी खात होते, त्यांतल्या बाईच्या मांडीवर पोर होतं. उज्ज्वलानं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर पुढे गेली.

सापुताऱ्याच्या अलीकडे एका सपाट माथ्यावर त्यांनी तंबू लावला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. तंबू म्हणजे योगराजची करामत. तो प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या गिरणीत, छपाईखात्यात. साडीच्या बिघडलेल्या छपाईचं एक ताग्याएवढं कापड त्यानं आणून पांडेसऱ्यातल्या शिंप्याकडून शिवून घेतलं होतं, एन.सी.सी.च्या तंबूच्या मापानं. मोठी लाल फुलं, एकावर एक चढलेली. डोंगरमाथ्यावर ती साडी उभी राहिली आणि दोघंही क्षणभर बघत राहिले. मग त्यानं दोऱ्या ताणल्या, हात झटकले आणि हातांकडे पाहिलं. लालभडक.

‘अरे यार,’ तो म्हणाला. ‘वाफ द्यायची राहिली.’

छापलेलं कापड वाफेवर चढवल्याशिवाय रंग धरत नाही, हे खात्यातला नवखा पोरगाही सांगेल. दहा वर्षं तो हेच बघत आला होता, इतरांच्या चुका पकडत. ‘मगनशेटला कळलं तर उद्या कामावरून काढून टाकेल मला,’ तो म्हणाला आणि खाली बसून हसायला लागला. तिनं तंबूची कड धरलेली. तिचेही तळवे लाल झालेले. तीही हसली. आपण हसतोय हे तिला पोटात कळलं. किती दिवसांनी... दवानं रात्री हे सगळं आपल्या अंगावर गळणार, उद्या आपण दोघं रंगपंचमी खेळून आल्यासारखे सुरतेत शिरणार, म्हणाली ती, आणि तो डोळे पुसता पुसता गालावर लाल पट्टे ओढून बसला.

मग त्यानं स्टोव्ह पेटवला, पातेलं ठेवलं. पाठमोराच म्हणाला, ‘उज्ज्वला, एक विचारू?’

‘हं.’

‘उधन्याला पोर मी आत दिली.’

ती तंबूच्या दोरीची गाठ पुन्हा आवळू लागली.

‘आई त्यावरून बोलली. तुझे भाऊ तर काय काय बोलले. तूच नाही. एकदाही नाही.’ त्यानं आलं ठेचलं, पुन्हा ठेचलं. ‘मी वाट बघतो. भांडताना तरी काढशील म्हणून. तू काढत नाहीस. ते... ते मला जड जातं.’

आता सांगता आलं असतं. तो पाठमोरा होता, स्टोव्हचा आवाज होता, आजूबाजूला दहा मैल दगड. सांगायचं एवढंच होतं – लाल दिवा गेला, आणि फलाटावर मी उभी होते, दोन्ही हात रिकामे, खांदे एकदम वर आलेले. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या अंगाला कुणी चिकटलेलं नव्हतं. माझ्याजवळ चहावाला उभा होता. त्याला वाटलं, मी पैसे काढतेय. त्यानं कप दिला. मी घेतला. मी तो चहा प्यायले – उभ्यानं, सावकाश, फुंकर घालून, तळाच्या साखरेपर्यंत. गरम होता. घरी पोर उठायची आणि चहावर साय धरायची, आठ महिने मी गार चहा पीत होते, आणि हा गरम होता, आणि चांगला होता. चांगला लागला मला. मग कप ठेवला, मग रडले. पण आधी प्यायले... मी तुला काय बोलणार, योगराज? पोर खिडकीतून तू दिलीस हे खरं. पण ती पुढे गेल्यावर आराम कुणाला वाटला?

‘तुझी चूक नव्हती,’ ती म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले. तिला ते दिसलं, आणि आपण त्याला फसवलं की सोडवलं हे तिला कळलं नाही.

त्यानं चहा पेल्यात ओतला. लाल बोटांचे ठसे पेल्यावर. तिनं फुंकर घातली, घोट घेतला; आलं घशापर्यंत उतरलं; समोर दरीत एकावर एक काळे थर, खालचे आधीच सावलीत गेलेले; आणि पेला अर्धा झाल्यावर तिच्या लक्षात आलं की उनाईपासून – कुंडापासून, बोट दाखवून सांगितलेल्या त्या सगळ्या डोंगरांपासून – तारा एकदाही मनात आली नव्हती. एकदाही नाही. सहा तास. साडेसहा.

तिनं डावा हात उघडला. लाल तळवा. मधोमध, सकाळी ठसा उमटला होता तिथे, रंग सपाट बसलेला. बटण... नारळाच्या दुकानातली फळी. गल्ल्याशेजारी. तिथेच राहिलं. खात्रीनं तिथेच. ते जाणूनबुजून तिथे ठेवलं नव्हतं ना आपण? हात घामेजला होता म्हणूनच ठेवलं होतं ना? आणि ही जी बाई घरी मनगटाला पट्टी बांधून निजते, ती पोर हरवेल म्हणून बांधते, की ती स्वतःच... तिनं विचार तिथे तोडला, पण तो तोडल्यावरही पुढे सरकत राहिला.

‘काय बघतेस हाताकडे?’ योगराज म्हणाला.

‘काही नाही. रंग.’

आवाज सरळ आला, कुठेही न अडखळता, आणि तिच्या मानेवर काटा आला. सकाळपासूनची ती सगळी भीती – मांजा, घसा, बोरांच्या बिया – तिला आता ओळखीच्या घरासारखी वाटली. परत जायला मिळालं तर बरं असं.

‘आणखी घेणार? आहे थोडा.’

गार होईल तो. थांबलं तर गार होईल.

‘दे,’ ती म्हणाली, आणि पेला पुढे केला, आणि तो भरत असताना आपला हात हलतो का ते एकटक पाहत राहिली.